छंदाला भाव लावताना
हलव्याचे दागिने आणि साठीनंतरचे हात

पौष महिना जवळ आला की पुण्याच्या तुळशीबागेत आणि मुंबईत दादरच्या बाजारात काळ्या कापडावर मांडलेले पांढरेशुभ्र दागिने दिसू लागतात. मुकुट, बाजूबंद, कर्णफुले, तन्मणी, कंबरपट्टा, नथ असे सारे काही हलव्याचे. नव्या सुनेची पहिली संक्रांत, काळी चंद्रकळा किंवा काळी पैठणी आणि तिच्यावर हा काटेरी साज. जावयासाठी हलव्याचा हार आणि नारळ. बाळाच्या बोरन्हाणासाठी इवलासा मुकुट आणि बासरी. १४ जानेवारीच्या आसपासची संक्रांत ते माघातली रथसप्तमी एवढाच या दागिन्यांचा हंगाम.

हे दागिने मुख्यतः घरांतून तयार होतात. जेवणाच्या टेबलावर, गॅलरीतल्या उन्हात, दुपारच्या निवांत वेळी ते आकार घेतात आणि ते करणाऱ्या हातांत साठी ओलांडलेले हात पुष्कळ असतात. सुरुवात बहुतेक एकाच रीतीने होते. पहिला संच आपल्या सुनेसाठी होतो, दुसरा भाचीच्या बाळासाठी. तिसऱ्या वर्षी शेजारच्या इमारतीतील कोणी फोन करते आणि विचारते, ‘‘काकू, तुम्ही करून द्याल का? किती द्यायचे?’’

या शेवटच्या प्रश्नाला आपल्याकडे ठरलेले उत्तर आहे : ‘‘अहो, तुम्हाला वाटेल ते द्या.’’ त्यात सौजन्य आहे आणि संकोचही आहे. परंतु छंदाचा व्यवसाय होण्याची वाट याच उत्तरापाशी चुकते. पैशाची चूक त्यामानाने लहान. मोठी चूक प्रकृतीची आहे. भाव ठरवला नाही की मागणीला बांध राहत नाही, बांध राहिला नाही की रात्री जागतात, आणि डिसेंबर संपता संपता अंगठा, मान आणि डोळे यांची तक्रार घेऊन आपण डॉक्टरांच्या दारात उभ्या राहतो. दागिन्याची किंमत आणि ऑर्डरींची संख्या हे दोन्ही, उतारवयात, आरोग्याचेच निर्णय आहेत. कुटुंबाच्या आरोग्याला वाहिलेल्या या पाक्षिकात व्यवसायाविषयी लिहावेसे वाटले ते त्यासाठी.

दाणा, दोरा आणि थंडी

हलवा घरी करणे ही स्वतंत्र तपश्चर्या आहे. तीळ, खसखस किंवा साबुदाणा मंद आचेवरच्या परातीत घ्यायचा, त्यावर चमचाभर पाक सोडायचा, हाताने सतत फिरवत राहायचे, तो सुकला की पुन्हा चमचाभर. असे तासन्‌तास, कधी दोन-तीन दिवस चालले म्हणजे दाण्याला काटा येतो. हवा कोरडी आणि थंड असेल तर काटा लवकर फुलतो; दमट हवेत तो रुसतो. म्हणूनच पूर्वी बायका पहाटेच्या गारठ्यात शेगडीपाशी बसत.

ज्यांना ही कला येते त्यांनी ती जरूर जपावी, पण विक्रीच्या दागिन्यांसाठी तयार हलवा विकत घ्यावा असे माझे स्पष्ट मत आहे. एकतर परातीतल्या गरम पाकाने बोटांची अग्रे पोळतात. ज्यांचा मधुमेह जुना आहे त्यांच्या बोटांची संवेदना कधीकधी मंदावलेली असते. चटका बसल्याचे त्यांना उशिरा कळते आणि जखमही रेंगाळते. दुसरे असे, की कोळशाची शेगडी बंद खोलीत पेटवणे केव्हाही धोक्याचे. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही आणि वासही नाही. थंडी वाजते म्हणून खिडक्या लावून शेगडीपाशी बसलेल्या माणसाला आपण गुंगीत जात आहोत हे उमगतही नाही.

दागिना घडवण्याच्या दोन पद्धती आहेत. जुन्या पद्धतीत एकेका दाण्याला दोऱ्याची गाठ घालून सर गुंफतात. ती देखणी आणि चिवट असते, पण तिला वेळ फार लागतो. नव्या पद्धतीत जाड पुठ्ठ्याचा आकार कापून त्यावर सोनेरी कागद लावतात आणि हलवा गोंदाने चिकटवतात. कडेला मणी, टिकल्या, जरीची लेस. पुष्कळजणी दोन्हींचा मेळ घालतात : मुकुट आणि कंबरपट्टा पुठ्ठ्यावर, हार आणि मंगळसूत्र दोऱ्यात. मणी, लेस आणि टिकल्या पुण्यात रविवार पेठेत आणि मुंबईत भुलेश्वरला घाऊक भावाने मिळतात. पण गर्दीच्या त्या गल्ल्यांतून दोन पिशव्या उचलून आणण्याचे काम घरातल्या तरुण माणसावर सोपवावे. खरेदीचा मोह मोठा असतो हे खरे. तरीही जायचेच असेल तर सकाळी लवकर, दिवाळीची गर्दी ओसरल्यावर आणि सोबत कोणी असताना जावे.

आधी वही, मग होकार

पहिली ऑर्डर स्वीकारण्यापूर्वी एक संच घड्याळ लावून करावा. एका बैठकीत पुरा करू नये. जसा रोज होईल तसा करावा आणि प्रत्येक बैठकीची मिनिटे वहीत लिहावीत. बहुतेकींना आपला संच ‘‘असाच दोन-तीन दुपारींत’’ होतो असे वाटत असते. वही वेगळे सांगते. पुठ्ठा कापणे, दाणे निवडणे, चिकटवलेले सुकेपर्यंत जपणे, निसटलेला दाणा पुन्हा लावणे, खोक्यात भरणे आणि ‘‘मुकुट थोडा लहान चालेल का’’ या फोनला उत्तर देणे, हे सगळे कामच आहे.

आता एक उदाहरण घेऊ. आकडे केवळ समजण्यासाठी आहेत. आपण आपले घालावेत. समजा, नववधूच्या पूर्ण संचाला आपल्याला ९ तास लागतात. हलवा, पुठ्ठा, कागद, मणी, दोरा आणि गोंद मिळून ३०० रुपये. खोका ५० रुपये. फुटतूट, रिक्षा, वीज यांसाठी आणखी ५० रुपये. म्हणजे ४०० रुपये तर आपल्या खिशातून गेलेच. आपल्या एका तासाचे मोल आपण ७० रुपये धरले, तर ९ तासांचे ६३० होतात आणि संचाची किंमत १,०३० रुपये ठरते. ‘‘बाजारात ७०० ला मिळतो’’ असे कोणी म्हणाले आणि आपण भिडेखातर ७०० घेतले, तर ४०० वजा जाता हातात ३०० उरतात. तासाला साधारण ३३ रुपये. घरकामाला येणाऱ्या मावशींना कोणी ताशी ३३ रुपये देऊ केले तर त्या दुसऱ्या दिवशी येणार नाहीत आणि त्यांचे बरोबरच असेल.

किती संच घ्यायचे हा पुढचा प्रश्न, आणि तो पहिल्यापेक्षा महत्त्वाचा. दिवाळी कधी लवकर येते, कधी उशिरा. त्यामुळे भाऊबीज ते संक्रांत हा काळ कधी आठ आठवड्यांचा असतो, कधी बाराचा. मधला आकडा १० धरू. त्यातला एक आठवडा सर्दीतापासाठी, पाहुण्यांसाठी, एखाद्या लग्नासाठी सोडून द्यावा. उरले ९. रोज दोन तास आणि आठवड्यातून पाच दिवस एवढे काम साठीनंतरच्या हातांना बहुधा मानवते. म्हणजे आठवड्याला १० तास, हंगामात ९० तास. एका संचाला ९ तास, तर दहा संच. अकरावा संच कोणी कितीही गोड बोलून मागितला तरी घ्यायचा नाही, कारण तो कुठून येणार? झोपेतून किंवा दुपारच्या विश्रांतीतून.

दहा संचांची मजुरी झाली ६,३०० रुपये. रक्कम मोठी नाही, हे लपवण्यात अर्थ नाही. ‘घरबसल्या महिन्याला हजारो कमवा’ अशा जाहिराती वाचून या कामाकडे वळणाऱ्यांची निराशाच होईल. परंतु ज्या स्त्रीच्या नावे आयुष्यभर स्वतःची अशी मिळकत कधी जमा झाली नाही, तिला या ६,३०० रुपयांचे मोल विचारून पाहावे. औषधांचे पैसे मुलाकडे मागताना जे शब्द घशात अडकतात, ते या रकमेने थोडे तरी सैल होतात.

उत्पन्न वाढवायचे असेल तर तास न वाढवता कामाची निवड बदलावी. बाळाचा संच लहान असतो. त्याला समजा ३ तास आणि १५० रुपयांचे साहित्य लागले, आणि तो ४५० रुपयांना गेला, तर तासाला १०० रुपये पडतात. नववधूच्या मोठ्या संचापेक्षा हे किफायतशीर आणि मानेलाही सुखाचे. चार-पाचजणींना घरी बोलावून दागिने शिकवणे हा आणखी एक मार्ग. त्यात बोटांना विश्रांती मिळते आणि गप्पाही होतात. डिसेंबरच्या एका रविवारी शिकवण्याचा वर्ग घेऊन पाहावा. हंगामातला सर्वांत आनंदाचा दिवस तोच ठरण्याचा संभव आहे.

निम्मी रक्कम आगाऊ घ्यावी. ऑर्डरची वही २५ डिसेंबरला मिटावी. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात घाईघाईने येणाऱ्या फोनना ‘‘यंदाचे झाले, पुढच्या वर्षी नक्की’’ हे उत्तर कागदावर लिहून फोनजवळ ठेवावे. नाही म्हणण्याची सवय नसलेल्या पिढीला समोर लिहिलेले वाक्य वाचणे सोपे जाते.

हात, डोळे आणि बैठक

चिमटीत दाणा धरणे ही क्रिया क्षुल्लक वाटते. पण अंगठा आणि तर्जनी यांच्या टोकांवर जो जोर पडतो, त्याच्या कित्येक पट ताण अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या सांध्यावर येतो. पन्नाशीनंतर, विशेषतः स्त्रियांमध्ये, हा सांधा झिजण्याची प्रवृत्ती असते. बरणीचे झाकण उघडताना किंवा किल्ली फिरवताना अंगठ्याच्या मुळाशी कळ येत असेल, तर आपला सांधा आधीच कुरकुरत आहे असे समजावे. अशांनी दोरा गुंफण्यापेक्षा चिकटवण्याची पद्धत निवडावी. चिमट्याच्या किंवा कात्रीच्या दांडीवर फोम अथवा जुन्या कापडाची पट्टी गुंडाळून ती जाड करावी. जाड दांडी धरायला जोर कमी लागतो. दाणे एकेक उचलण्याऐवजी उथळ ताटलीत पसरून गोंद लावलेला पुठ्ठाच त्यावर टेकवता येतो का ते पाहावे. पुष्कळ ठिकाणी येतो.

थंडीच्या सकाळी बोटे आखडलेली असतात. कोमट पाण्यात पाच-सात मिनिटे हात बुडवून, बोटे सावकाश मिटून-उघडून मग काम सुरू करावे. सकाळचा हा आखडलेपणा अर्ध्या तासाहून अधिक टिकत असेल, सांधे सुजलेले आणि गरम लागत असतील, तर ती केवळ वयाची झीज नसण्याची शक्यता असते, डॉक्टरांना दाखवावे. रात्री अंगठा, तर्जनी आणि मधले बोट यांना मुंग्या येऊन जाग येणे आणि हात झटकल्यावर बरे वाटणे, हे मनगटातली नस दबल्याचे ठळक लक्षण आहे. बोट वाकवल्यावर अडकून ‘कट्‌’ असा आवाज होत सुटणे ही आणखी एक तक्रार. मधुमेह असलेल्यांत या दोन्ही तक्रारी अधिक आढळतात. त्या सुरुवातीलाच दाखवल्या तर विश्रांती, मनगटपट्टा अशा साध्या उपायांनी बहुधा आटोक्यात येतात. ‘हंगाम संपू दे, मग बघू’ असे म्हणत दोन महिने ओढले, तर अंगठ्याखालचा मांसल भाग बारीक होऊ लागतो आणि हातातून वस्तू सुटायला लागतात.

डोळ्यांचा प्रश्न थोडा वेगळा आहे. वयानुसार डोळ्यातले भिंग पिवळसर होत जाते आणि बाहुली लहान होते. त्यामुळे तरुणपणी पुरणारा उजेड आता पुरत नाही. त्यात पांढरा हलवा, पांढरा दोरा आणि पांढरा गोंद! याला उपाय अगदी सोपा : मांडीवर किंवा टेबलावर काळे कापड अंथरावे. दाणा आणि दोरा दोन्ही त्यावर उठून दिसतात. उजव्या हाताने काम करणाऱ्यांनी दिवा डावीकडून घ्यावा म्हणजे स्वतःच्या हाताची सावली कामावर पडत नाही. शक्य ते बारीक काम दिवसाच्या उजेडात संपवावे. चष्म्याचा नंबर काढताना ‘‘मी इतक्या अंतरावर काम करते’’ असे सांगून ते अंतर प्रत्यक्ष दाखवावे, कारण वाचनाचा चष्मा पुस्तकाच्या अंतरासाठी दिलेला असतो आणि दागिना आपण बहुधा त्याहून जवळ धरतो. दर वीस मिनिटांनी मान वर करून वीस फूट लांबच्या वस्तूकडे वीस सेकंद पाहावे. एकाग्रतेत पापण्या लवायच्या राहून जातात, त्या मुद्दाम लवाव्यात. मात्र अचानक कमी दिसू लागले, डोळ्यांपुढे प्रकाशाच्या रेघा चमकल्या, काळ्या ठिपक्यांचा वर्षाव झाला किंवा डोळा लाल होऊन डोकेदुखीसह दिव्यांभोवती वलये दिसू लागली, तर दागिना जागेवर ठेवून त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठावा.

बैठक खुर्चीची असावी, पाय जमिनीला टेकलेले, टेबल कोपरांच्या उंचीचे. जमिनीवर मांडी घालून दोन तास बसणे ज्यांना अजून जमते त्यांचे कौतुक आहे, पण उठताना गुडघे आणि रक्तदाब दोघांचीही परीक्षा होते. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी एकदम उभे राहू नये. आधी पाय हलवावेत, क्षणभर थांबावे, आधार धरून उठावे. दर अर्ध्या तासाने उठून घरातल्या घरात चार पावले चालावे. त्यासाठी घड्याळाचा गजर लावण्यापेक्षा पाण्याचे भांडे दुसऱ्या खोलीत ठेवण्याची युक्ती मला अधिक आवडते.

ग्लू गन म्हणजे गरम गोंदाचे पिस्तूल सोयीचे असते, पण त्यातला गोंद त्वचेला चिकटून खोल भाजतो. हात थरथरत असतील किंवा बोटांची संवेदना कमी असेल तर ते वापरूच नये. साधा पांढरा गोंद सावकाश सुकतो, एवढाच त्याचा दोष. भाजलेच तर वाहत्या साध्या पाण्याखाली वीस मिनिटे बोट धरावे. टूथपेस्ट, तूप, हळद काहीही लावू नये.

आणि जेवण. हात गुंतले की दुपारचे जेवण दीडचे अडीचवर जाते. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांसाठी हा उशीर घातक ठरू शकतो. घाम, थरथर, गोंधळल्यासारखे होणे ही साखर उतरल्याची खूण. उलटपक्षी, काम करता करता तोंडात टाकलेले हलव्याचे दाणे ‘चार’ वाटतात आणि संध्याकाळपर्यंत मूठभर होतात. दोन्हींवर उपाय एकच, वेळेवर जेवण. आधी ताट, मग मुकुट.

बाळाच्या गळ्यातला हार

पैसे घेऊन दिलेल्या वस्तूची जबाबदारीही आपल्याकडे येते, आणि बोरन्हाणाच्या संचात ती सर्वांत मोठी आहे. वर्षा-दोन वर्षांचे मूल हाताला लागेल ते तोंडात घालते. हलव्याचा कडक दाणा किंवा निसटलेला मणी श्वासनलिकेत अडकला तर क्षणांत प्राणावर बेतते. म्हणून बाळाच्या दागिन्यांत सुटे मणी, टिकल्या, टाचण्या आणि तारा वापरू नयेत. हार बांधायला लांब मजबूत दोरा न घेता मागे चटकन सुटेल अशी चिकटपट्टी लावावी. खोक्यात चिठ्ठी ठेवावी : ‘गोंद वापरला आहे, खाण्यासाठी नाही. फोटोपुरते घालावे, बाळाला एकटे सोडू नये.’ अशी चिठ्ठी पाहून एखादी आजी नाक मुरडेलही. मुरडू द्यावे.

खाण्याचा हलवा वेगळा विकायचा असेल तर तो खाद्यपदार्थाचा व्यवसाय झाला आणि त्यासाठी अन्नसुरक्षा प्राधिकरणाकडे नोंदणी करावी लागते. दागिने आणि खाऊ यांची सरमिसळ टाळलेली बरी.

घरातल्यांशी थोडे बोलणे

आईवडिलांची काळजी वाहणाऱ्या मुलासुनांसाठी हा भाग. ‘‘आई, या वयात कशाला हे? तुम्हाला काय कमी आहे?’’ हे वाक्य प्रेमापोटीच येते. पण ऐकणाऱ्याला त्यातून ‘तुमच्या कामाची आता कोणाला गरज नाही’ असेही ऐकू येते. त्याऐवजी ‘‘आई, वहीतले हिशेब मी लिहून देऊ का?’’ असे विचारून पाहावे. फोन घेणे, खोके पोहोचवणे आणि अकराव्या ऑर्डरला नकार देणे ही कामे आपण उचलली, तर त्यांच्याकडे फक्त आवडीचे काम उरते.

दुसऱ्या टोकाचे घरही आढळते. आजींचे दागिने सुरेख होतात हे पाहून नातवंडे उत्साहाने समाजमाध्यमांवर फोटो टाकतात, दोन दिवसांत चाळीस ऑर्डरी येतात, आणि ‘‘आजी, होईल गं तुला’’ म्हणत सारे आपापल्या कामाला निघून जातात. ऑर्डर घेण्यापूर्वी आजींना विचारावे आणि दहाचा आकडा सर्वांनी पाळावा. मिळालेले पैसे त्यांच्या स्वतःच्या खात्यात जमा व्हावेत. घरखर्चात ते परस्पर मिसळून गेले तर पुढच्या वर्षी त्यांचा हात चालेनासा होतो, आणि त्याचे कारण सांधेदुखी नसते.

घरात विस्मरणाचा आजार सुरू झालेले कोणी असेल तर हे काम त्यांच्यासोबत काही काळ सुंदर रीतीने करता येते. कालचे नाव आठवत नाही, पण वर्षानुवर्षे हातांनी केलेले काम हात बराच काळ विसरत नाहीत. मोठे-लहान दाणे वेगळे करणे, सोनेरी कागदाच्या पट्ट्या जुळवणे अशी कामे त्यांना द्यावीत आणि त्यांच्या कामाला तारखेचे बंधन नसावे. सुया, टाचण्या, मणी आणि गोंद मात्र मोजून घ्यावेत व मोजून ठेवावेत. आजार पुढे सरकला की या वस्तू तोंडात जाण्याची भीती असते. आणि अंथरुणाला खिळलेल्या जोडीदाराची सेवा करता करता ज्या स्त्रिया हे काम करतात, त्यांनी दोऱ्याचीच पद्धत धरावी. हाक आली की दोऱ्याला गाठ मारून उठता येते, गोंद मात्र तोवर वाळून जातो.

कागद आणि फोन

एवढ्या लहान व्यवसायाला कागदपत्रांचे ओझे फारसे नाही. राज्यातल्या राज्यात माल विकणाऱ्याची वार्षिक उलाढाल ४० लाख रुपयांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणीची सक्ती नसते. केंद्र सरकारची ‘उद्यम’ नोंदणी ऐच्छिक आणि विनामूल्य आहे. तिच्यासाठी पैसे मागणारा मध्यस्थ भेटला तर त्याला नमस्कार करावा. प्राप्तिकराची एक बारीक गोष्ट माहीत असावी. व्यवसायाचे उत्पन्न नसलेल्या ज्येष्ठ नागरिकांना आगाऊ कर भरण्यातून सूट असते. व्यवसायाचे उत्पन्न सुरू झाले की ती सूट राहत नाही. वर्षाचा एकूण कर १०,००० रुपयांपेक्षा कमी असेल तर हा प्रश्न उद्भवत नाही, पण निवृत्तिवेतन आणि ठेवींचे व्याज चांगले असणाऱ्यांनी सल्लागाराला एकदा विचारावे. ज्या बचत गटात आहेत त्यांना मुंबईतल्या ‘महालक्ष्मी सरस’सारख्या प्रदर्शनांची वाट खुली असते, मात्र दिवसभर गाळ्यावर उभे राहण्याचे काम गटातल्या तरुण सदस्यांनी करावे.

अमेरिकेतल्या किंवा आखातातल्या नातेवाइकांकडून मागणी आली तर दागिने डिसेंबरच्या सुरुवातीलाच निघायला हवेत, आणि त्या देशात साखरेचा माल पाठवण्याचे नियम आधी विचारून घ्यायला हवेत. वाटेत दमटपणा लागला तर हलवा पाझरतो. एवढ्या कष्टाच्या वस्तूची अशी गत पाहण्यापेक्षा अशी ऑर्डर नाकारणे मी पसंत करीन.

फोनवरच्या फसवणुकीबद्दल मात्र सविस्तर सांगायला हवे. अनोळखी माणूस फोन करतो, घासाघीस न करता पाच संच मागतो, ‘‘आगाऊ रक्कम लगेच पाठवतो’’ म्हणतो आणि एक क्यूआर कोड पाठवून तो स्कॅन करायला सांगतो. पैसे मिळवण्यासाठी कधीही कोड स्कॅन करावा लागत नाही आणि यूपीआयचा पिन टाकावा लागत नाही. पिन टाकला की पैसे आपल्या खात्यातून जातात. ‘‘चुकून जास्त पाठवले, फरक परत करा’’ असा फोन आला तर आधी बँकेच्या खात्यात रक्कम खरोखर आली आहे का ते पाहावे. मोबाईलवर आलेल्या संदेशावर विसंबू नये. या व्यवसायासाठी वेगळे बचत खाते उघडून त्यात थोडीच शिल्लक ठेवावी. फसवणूक झालीच तर लाज न बाळगता तत्काळ १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी, कारण पहिल्या काही तासांत रक्कम थोपवता येण्याची शक्यता सर्वाधिक असते.

रथसप्तमी झाली की हंगाम संपतो. उरलेला हलवा पुढच्या वर्षासाठी ठेवू नये. पावसाळ्यात त्याला पाणी सुटते आणि मुंग्या लागतात. मणी, लेस आणि पुठ्ठ्याचे साचे डब्यात भरावेत, वहीत शेवटची बेरीज मांडावी आणि तिच्याखाली दोन ओळी प्रकृतीच्या लिहाव्यात : कोणत्या आठवड्यात अंगठा दुखला, कोणत्या संचाच्या वेळी रात्र झाली. मोत्यांच्या सरी ओवून देणे, नथ गुंफणे ही कामे वर्षभर मिळतात, पण ती हलव्याहून बारीक असतात. ती घ्यायची की नाही हे त्या दोन ओळी वाचून आणि नेत्रतज्ज्ञांकडे एक फेरी मारून ठरवावे. त्यासाठी फाल्गुन-चैत्राचे दिवस चांगले; तोवर बोटांनाही पुरेशी विश्रांती मिळालेली असते.